अर्धा क्लच

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीच्या पोटात काय काय असते याची माहिती असावी, अशी कोणाची अपेक्षा नसते. मलाही परवापरवापर्यंत ती नव्हती. या सदराचे नेहमीचे वाचक मला शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी, लग्नपत्रिकांतल्या शुद्धलेखनाविषयी आणि फार तर मंडईतल्या बोलीविषयी लिहिताना पाहत आले आहेत. पण दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला तेव्हा माझ्या नखांतले काळे ग्रीस अजून पुरते निघाले नव्हते आणि डोक्यातही दुसरा विषय नव्हता. तेव्हा या खेपेस वाचकांनी एका क्लच-प्लेटची कहाणी ऐकून घ्यावी. तीत व्याकरण थोडे आहे, आणि माझी फजिती बरीच आहे.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली तेव्हा मी पहिलीत होतो. ज्यांनी ही गाडी रस्त्यावर फारशी पाहिली नाही अशी पिढी आता हाताशी आली आहे, म्हणून तिच्या कुळाविषयी दोन शब्द सांगतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारानुसार गाड्या तयार होऊ लागल्या. तिथली फियाट ११०० पुढे १९७३ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी तिची ठेवण. २००० सालाच्या सुमारास ती निघायची बंद झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती त्यानंतरही धावत राहिली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून तिथेही दिसेनाशी झाली. नाव राणीचे असले तरी आमची आई तिला आजतागायत ‘फियाट’च म्हणते, आणि तिच्या पिढीतल्या बहुतेक बायका तसेच म्हणत असतील.

गाडीबरोबर वडिलांनी एक वहीही ठेवली. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाच्या दुकानात मिळते तशी. तिला त्यांनी स्वतःच्या हाताने चार रकाने आखले होते: तारीख, किलोमीटर, काम, आणि कारण. चौथा रकाना हे त्यांचे वैशिष्ट्य. टायर बदलले एवढे लिहून त्यांचे भागत नसे. का बदलले हेही हवे. ‘मागचे डावे टायर. कारण : खिळा.’ ‘रेडिएटरचा होज. कारण : वय.’ १९८७ च्या एका पानावर ‘हॉर्न दुरुस्त. कारण : चिरंजीव.’ अशी नोंद आहे. हे चिरंजीव म्हणजे मी. उभ्या गाडीत बसून मी तो वाजवून वाजवून बंद पाडला होता. २०१४ मध्ये वडील गेले, आणि गाडीबरोबर वहीही माझ्याकडे आली. मीही ती लिहीत राहिलो. मात्र चौथा रकाना पुष्कळदा कोरा सोडू लागलो.

आता मूळ हकिगत. आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. श्रावणातल्या एका तरी रविवारी जेजुरीला जाऊन यावे, आणि तेही फियाटमधूनच, असा आईचा हट्ट असतो. यंदा पहिल्याच रविवारी निघालो. आमच्या कन्येला वाहन चालवण्याचा परवाना मिळून तीन महिने झाले होते. हडपसरची गर्दी मागे पडल्यावर मी मोठ्या मनाने चावी तिच्या हवाली केली आणि शेजारी बसलो. मागे आई आणि सौ. वडकीच्या पुढे दिवे घाट लागतो. पाऊस नुकता ओसरला होता, खाली मस्तानी तलाव तुडुंब भरला होता, आई त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती, आणि एवढ्यात गाडीने ओरडायला सुरुवात केली.

‘ओरडायला’ हाच शब्द बरोबर आहे. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि वेग उतरत गेला. कन्येने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज आणखी चढला, गाडी मात्र एखाद्या रुसलेल्या म्हशीसारखी होती तिथेच. पाठोपाठ एक वास आला. जळके रबर, जळका कागद आणि जळकी पोळी यांच्या मधला कुठला तरी. मागून एस. टी. हॉर्न वाजवू लागली. मी शेजारून, आईच्या आणि सौ.च्या देखत, मोठ्याने म्हणालो, “जाळलास ना क्लच! शिकवले काय होते, आणि चालवतेस काय!”

कन्या काही बोलली नाही. तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी माझ्या हातात दिली आणि मागे आजीच्या शेजारी जाऊन बसली. मी कशीबशी गाडी वळवली. उतारावर क्लचची परीक्षा नसते, त्यामुळे खाली आलो, आणि सपाट रस्त्याने रांगत रांगत घर गाठले. आईने घाटातूनच जेजुरीच्या दिशेला हात जोडले होते. “देवाच्या मनात नव्हते,” एवढेच ती म्हणाली. पण देवाच्या मनात काय होते याहून कन्येच्या मनात काय आहे याची काळजी मला आठच दिवसांत वाटू लागली. तिने गाडीच्या चावीला हात लावणे सोडले. मैत्रिणीकडे जायचे तर रिक्षा. मी एकदा सहज म्हणालो, “चुका होतातच शिकताना.” त्यावर ती म्हणाली, “हो ना.” या दोन शब्दांतला थंडपणा कोणत्याही शब्दकोशात सापडायचा नाही.

सौ.चे म्हणणे वेगळे होते, आणि अगदीच बिनबुडाचे नव्हते. पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींना ती दहा हजार झाली. शिवाय पर्यावरणाचा कर निराळा. “आता क्लच. उद्या आणखी काही. भंगारवाला जेवढे देईल त्याच्या निम्मे तर या दुरुस्तीलाच जातील,” ती म्हणाली. आईने हे ऐकले आणि नुसतीच पानातली चटणी बोटाने सारखी करत राहिली. मी म्हणालो, मिस्त्री काय म्हणतात ते तरी बघू.

आमचे मिस्त्री सत्तरीला आले आहेत. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हाताखाली आहे. त्यांनी गाडी पाहिली, पण लगेच पाना हातात घेतला नाही. आधी पेडलला नुसते बोट लावून पाहिले. क्लचच्या पेडलला सुरुवातीला सुमारे इंचभर मोकळी चाल हवी. तेवढे अंतर ते रिकामेच खाली जायला हवे. प्लेटचे अस्तर जसजसे झिजते तसतशी ही चाल कमी होत जाते, आणि ती उरलीच नाही तर पाय काढून घेतल्यावरही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. पुष्कळदा नुसती ही चाल जुळवली की भागते, उगाच गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. मिस्त्रींनी ती जुळवली. मग हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून, त्यांनी इंजिन थोडे चढवले आणि पेडल सोडून दिले. क्लच धड असता तर इंजिन एका आचक्यासरशी बंद पडले असते. ते निवांत चालत राहिले.

“गेली,” मिस्त्री म्हणाले. “उघडावं लागंल, सर.”

मी म्हणालो, “मुलगी शिकते आहे ना. तिनेच जाळली.”

“उघडू तर द्या,” मिस्त्री म्हणाले.

क्लच म्हणजे काय, हे मी पंचवीस वर्षे गाडी चालवून प्रथमच त्या खड्ड्यात उतरून पाहिले. मोटारीची अडचण मुळात अशी आहे की, इंजिनाला थांबून चालत नाही आणि चाकांना थांबल्यावाचून चालत नाही. सिग्नलला चाके थांबली तरी इंजिन फिरतच राहणार. मग त्या दोघांच्या मध्ये असे काहीतरी हवे, की जे हवे तेव्हा जोडील आणि हवे तेव्हा तोडील. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड पोलादी तबकडी असते, ती इंजिनाबरोबर सतत फिरते. तिला टेकून असते ती क्लच-प्लेट: दोन्ही तोंडांना खरखरीत अस्तर, आणि मध्यभागी खाचांचे भोक, ज्यातून गिअरबॉक्सचा दांडा जातो. तिच्या पाठीवर प्रेशर प्लेट, आणि तिच्या स्प्रिंगा या साऱ्यांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतात. पायाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेट मागे ओढली जाते आणि मधली प्लेट सुटी होते. खटका नाही, कडी नाही, दात नाहीत. सारा कारभार नुसत्या घर्षणावर.

आमच्या व्याकरणात संधी आणि विग्रह असतात, तसेच हे. पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. पेडल पुरते दाबलेले असताना प्लेट कोणालाच घासत नाही. पुरते सोडलेले असताना ती फ्लायव्हीलशी एकजीव होऊन फिरते. तेव्हाही घासत नाही. ती घासते फक्त मधल्या वेळात, धड जोडलेले नाही आणि धड तोडलेले नाही अशा अवस्थेत, जिला सगळे ड्रायव्हर ‘अर्धा क्लच’ म्हणतात. गाडी जागची हलवताना त्या अवस्थेतून जावेच लागते, त्याला इलाज नाही. दीड-दोन सेकंदांचे काम. अस्तर झिजते ते त्या सेकंदांनी, मैलांनी नव्हे.

हे एवढेसे अस्तर बदलायचे, पण त्यासाठी निम्मी गाडी खाली घ्यावी लागते. प्रथम बॅटरी सोडवली. मग मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट; तो सोडण्यापूर्वी मिस्त्रींनी जोडावर छिन्नीने दोन खुणा केल्या, कारण परत बसवताना तो होता तसाच बसला नाही तर गाडी थरथरते. मग गिअरच्या दांड्या, स्पीडोमीटरची केबल. इंजिनाला खालून टेकू दिला आणि गिअरबॉक्स दोघांनी मिळून तान्ह्या मुलासारखा हातांवर उतरवून घेतला. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे करून, नाहीतर ती वाकते. हे सारे मिस्त्री न बोलता करत होते. उरलेली धूळ झटकायला त्यांच्या हाताखालचा पोरगा हवेची नळी घेऊन आला, तेव्हा मात्र ते ओरडले. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ छातीत गेलेली वाईट. ओल्या फडक्याने पुसायची.

प्लेट बाहेर आली. मी जुन्या पोथ्या पुष्कळ हाताळल्या आहेत. कुठले पान किती वेळा उलटले गेले, कुठे बोट लावायची सवय होती, हे कडा पाहून सांगता येते. मिस्त्रींनी प्लेट तशीच हातात धरली, उन्हाकडे केली आणि वाचायला सुरुवात केली.

“तेल नाही. बरं झालं.” इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर आले तरी ती घसरते, आणि मग नुसती प्लेट बदलून काही होत नाही. “अस्तर बघा, रिबिटीला टेकलंय.” अस्तर ज्या रिव्हेटांनी ठोकलेले असते त्यांची डोकी वर आली होती, आणखी थोडे दिवस चालवली असती तर त्यांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असते. फ्लायव्हीलवर दोन निळसर डाग होते. ते पाहून मी म्हणालो, “हे बघा, जळल्याचे.”

“हे परवाच्या घाटातलं,” मिस्त्री म्हणाले. “गेलेल्या प्लेटवर चढवली की पडणारच. शिकाऊ माणसानं जाळली असती तर अस्तर जाड राहून वरनं करपलं असतं, तडकलं असतं. ही करपलेली नाही, सर. झिजलीय. दोन्ही अंगांनी, सारखी, कागदागत. हे तीन महिन्यांचं काम न्हवं.” मग त्यांनी खाली वाकून रिलीज बेअरिंग उचलले आणि माझ्या कानाशी फिरवले. जात्यात खडे सापडावेत तसा आवाज. “आणि हे बघा. हे बेअरिंग पाय ठिवला तरच काम करतं. पाय काढला की त्याला विश्रांती. ह्याला विश्रांतीच मिळालेली नाही. वर्षानुवर्षं कुणाचा तरी पाय ह्याच्यावर आहे.”

मला एकदम आठवले आणि अंगावर काटा आला. घरी जाऊन लाल वही काढली. आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षातली नोंद, अक्षर माझे: ‘क्लच दाबला की घरघर येते.’ चौथा रकाना कोरा. त्या वेळी कन्येच्या हाती शिकाऊ परवानासुद्धा नव्हता.

मग वही मागे चाळत गेलो. पहिली प्लेट १९८६ ते १९९८, एकाहत्तर हजार किलोमीटर. दुसरी १९९८ ते २०१३, चौसष्ट हजार. त्या दोन्ही वडिलांच्या. तिसरी माझ्या कारकिर्दीतली, तेवीस हजार. इतकी वर्षे मी चारचौघांत सांगत आलो की, हल्लीच्या सुट्या भागांत पूर्वीचा कस राहिला नाही. वडील मला शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: “गिअर पडला की पाय क्लचवरून काढ. डावीकडे मोकळी जागा आहे, ते त्याचे घर.” मी हो म्हणत असे. ते शेजारी बसायचे बंद झाले आणि पाय घर सोडून पुन्हा पेडलवर राहायला गेला.

माझ्या बाजूने बोलायचे तर पुण्याच्या रहदारीचा दाखला देता येईल. इथे गाडी चालवायची नसते, सरकवायची असते. दर पाच पावलांवर कोणी ना कोणी आडवे येणार, म्हणून पाय पेडलवर तयारीत. हा बचाव मी मिस्त्रींपुढे करून पाहिला. ते म्हणाले, “रहदारी तुमच्या वडिलांनी पण बघितली की.” त्यात फारसा अर्थ नव्हता, कारण वडिलांच्या वेळची रहदारी आणि आजची यांत महदंतर आहे. पण मी वाद घातला नाही. कारण माझा खरा गुन्हा त्याहून मोठा होता आणि तो मिस्त्रींना अजून ठाऊक नव्हता. तो ओघाने येईलच.

प्लेट आणायला नाना पेठेत गेलो. जाताना जुनी प्लेट आणि जोडीला मिस्त्रींची तंबी: खाचा मोजून घ्या. गाडी निघायची बंद होऊन पाव शतक झाले, तरी त्या गल्ल्यांत हिचे भाग अजून मिळतात, हे त्या पेठेचे मोठेपण. पहिल्या दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना माल दाखवला. डबा देखणा, आत मधल्या भोकाला गंज आणि अस्तर सर्दावलेले. दुसरीकडे आमच्याच जुन्या प्लेटवर नवे अस्तर ठोकून द्यायची तयारी होती. पूर्वी सर्रास तसेच करत, आणि स्वस्तही पडते, पण प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी नवी मिळाली. खाचा मोजल्या. दुकानदार हसून म्हणाला, “सर, पेपर तपासताय का?”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, “ताईंना पण आणा. बघू द्या त्यांना.” मला हेच जड वाटत होते. रात्री जेवणे झाल्यावर मी लाल वही कन्येसमोर ठेवली, मार्गशीर्षातल्या नोंदीवर बोट ठेवले आणि बेअरिंगची हकिगत सांगितली. “क्लच तू जाळला नाहीस. मी झिजवला. आणि घाटात मी जे बोललो ते सगळ्यांच्या देखत बोललो, तर हेही सगळ्यांच्या देखत सांगतो.” सौ. आणि आई समोरच होत्या. कन्येने वही आपल्याकडे ओढली आणि मागे मागे चाळत बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “किती वाजता जायचंय?”

नवी प्लेट बसवली ती तिनेच. तिला एक विशिष्ट बाजू असते. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही आणि सारे पुन्हा उतरवावे लागते. शिवाय ती बरोबर मध्यभागी धरून ठेवावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. यासाठी मिस्त्रींकडे एका मोडीत निघालेल्या गिअरबॉक्समधून काढलेला दांडा आहे. तो प्लेटमधून घालायचा, बोल्ट आवळायचे, आणि मग काढून घ्यायचा. मिस्त्रींनी तो तिच्या हाती दिला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे. बेअरिंग अर्थातच नवे. हे चालले असताना मिस्त्रींनी बाजूला काढून ठेवलेला प्रोपेलर शाफ्ट हलवून पाहिला, आणि त्याचा सांधा खटखट वाजला. त्याच्या आत ‘क्रॉस’ असतो, अधिकच्या चिन्हासारखा चार टोकांचा, प्रत्येक टोकाला सुईएवढ्या रुळांची वाटी. शाफ्ट वर-खाली झाला तरी फिरणे थांबू नये ही त्याची करामत. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाचे नाव त्याला चिकटले आहे, आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याच्यावर काम केले, म्हणून इंग्रज त्याला हूकचा सांधा म्हणतात. आमच्या क्रॉसच्या एका वाटीतून ग्रीसऐवजी लाल पूड निघाली: सुया सुकून गंजल्या होत्या. गाडी निघताना जी ‘खट्’ होई, ती याची. तोही बदलला. खर्चाचा हा जादा आकडा सौ.ला कसा सांगावा याचा विचार मी घरी जाईपर्यंत केला. आणि पाहतो तो तिला तो कन्येने आधीच फोनवरून कळवला होता.

गाडी जुळली. पहिला फेरा मारायला मी चाकावर, शेजारी मिस्त्री, मागे कन्या. क्लच लोण्यासारखा. मी मोठ्या निर्धाराने डावा पाय घरी ठेवला होता. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नल लागला, आणि माझा तो खरा गुन्हा माझ्या हातून, म्हणजे पायातून, आपोआप घडला. चढावर हँडब्रेक न ओढता, ब्रेकलाही पाय न लावता, नुसत्या क्लचवर आणि ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची माझी हातोटी आहे. गाडी इंचभर पुढे नाही, इंचभर मागे नाही. तबल्यावर ठेका धरावा तशी उभी. या कसबाचा मला फार अभिमान. कन्येला मी ते कौतुकाने दाखवले होते, दोन वेळा. मिस्त्रींनी खाली माझ्या पायांकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “सर, आता ह्या घटकेला तुम्ही नवी प्लेट खाताय.”

मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मी हँडब्रेक ओढला.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी पुन्हा निघालो. हडपसरच्या पुढे मी गाडी थांबवून चावी पुढे केली. कन्येने ती घेतली, आरसा नीट केला, आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मागे बसा. शेजारी बसलात की तुमचा पाय हलतो.” आई पुढे बसली; वडील असताना ती तिथेच बसत असे. दिवे घाटात गर्दी होती, दोनदा चढावर थांबावे लागले. दोन्ही वेळा हँडब्रेकचा करकर आवाज झाला. तिचा डावा पाय मला मागून दिसत नव्हता. पण माझा मात्र प्रत्येक वळणाला पुढच्या सीटखाली दाबला जात होता, हे सौ.ने दोनदा खुणेने दाखवले. घाटमाथ्यावर आल्यावर आई म्हणाली, “हे चालवायचे तशीच चालवतेस गं.”

जेजुरीहून परतल्यावर भंडारा लागलेल्या हातांनीच वही काढली. तारीख, किलोमीटर मी सांगितले, कन्येने लिहिले. काम : क्लच-प्लेट, रिलीज बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. चौथ्या रकान्याशी ती थांबली.

“कारण काय लिहू?”

“खरे असेल ते लिही.”

तिने थोडा विचार केला, १९८७ चे पान एकदा उलटून पाहिले, आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘कारण : तीर्थरूप.’